गठुड्याचं शास्त्रीय नाव

आमच्या गठुड्याला शास्त्रीय नाव मिळालं त्याला आता वर्ष होईल, आणि ते नेमकं कुणाचं नाव आहे हे मला अजून कळलेलं नाही. ज्या शास्त्रज्ञ बाईंनी ते दिलं त्या डॉ. शर्वरी खानविलकरांना विचारलं तर त्या म्हणतात, "काकू, नियमाप्रमाणे सगळं बरोबर आहे." नियमाप्रमाणे सगळं बरोबर असतं तेव्हाच माणसाचं डोकं जास्त फिरतं, असा माझा अनुभव आहे.

गठुडं म्हणजे शेळीच्या दुधाचं चीज. वाईहून पाचगणीला चढणाऱ्या घाटाच्या पायथ्याशी, पसरणीत, आम्ही महांगडे ते करतो. माझ्या सासूबाई हेमलता, ज्यांना आम्ही दोघी सुना आत्या म्हणतो, त्या तरुणपणी पाचगणीच्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होत्या. तिथल्या एका परदेशी सिस्टरनं त्यांना ही विद्या शिकवली. दुधाला विरजण लावायचं, दही घट्ट झालं की फडक्यात बांधून टांगायचं, निथळलं की मीठ चोळायचं, हळदीच्या पानात गुंडाळायचं आणि घरामागच्या दरडीत कोरलेल्या गार कोठीत फळीवर मुरत ठेवायचं. सिस्टरनं त्याचं एक लांबलचक नाव सांगितलं होतं. आत्यांच्या जिभेला ते वळेना. फडक्यात बांधलेलं ते गठुडं, असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

आता हे काम मी आणि माझी थोरली जाऊ रेवतीताई करतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार ताईंचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार माझे. रविवारी कोठी बंद. जावा-जावा म्हटलं की लोकांना भांडणच आठवतं, पण आमचं बरं होतं. ताई मला साडी नेसवून द्यायच्या, मी त्यांच्या मुलीचा अभ्यास घ्यायची. अठरा वर्षं आमच्यात भांडणाला विषयच नव्हता.

विरजण मात्र आत्यांचं. तशी आमच्या भागात घरोघरी रीतच आहे. नवी सून माहेराहून वाटीभर विरजण घेऊन येते. सासू ते तिच्या हातून घेते, परसातल्या शेवग्याखाली ओतते आणि आपलं विरजण तिला देते. आजपासून हे तुझं. माझ्या आईनं बार्शीहून डब्यात घालून दिलेलं विरजण मी वरातीच्या गाडीत मांडीवर सांभाळत आणलं होतं. ते शेवग्याखाली गेलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ताईंनी कोरेगावहून आणलेल्याचंही तेच झालं होतं. तेव्हापासून जिची पाळी तिला सकाळी आत्या वाटीत विरजण देतात. त्यांच्या खोलीतल्या फडताळाला आम्ही हात लावत नाही. लावावासाही कधी वाटला नाही.

आता नावांचं हे खूळ कुठून आलं ते सांगते. काही वर्षांपूर्वी टाकीतलं दूध बाजारात आलं. त्यात गाय नाही की म्हैस नाही. यीस्टच्या जनुकांत दुधातल्या प्रथिनांची कृती घालायची, ते यीस्ट पोलादी टाकीत वाढवायचं, की ते दुधातली प्रथिनं तयार करून देतं. त्यात पाणी, चरबी, साखर मिसळली की झालं दूध. त्याचंच पनीर, त्याचाच खवा, त्याचंच श्रीखंड. चांगलं लागायचं, मी खोटं बोलणार नाही. पण आपण काय खातोय ते कुणाला सांगता येईना. ज्याला त्याला 'अस्सल', 'घरगुती', 'पारंपरिक' अशी बिरुदं लागली आणि तीही टाकीतूनच निघाल्यासारखी सगळीकडे सारखी. मग ओरड झाली, आणि सरकारनं खाद्यनाम मंडळ काढलं. वनस्पतींना आणि प्राण्यांना जशी दोन शब्दांची शास्त्रीय नावं असतात, तशी ती खाण्याच्या प्रत्येक जिनसेला द्यायची.

शर्वरीनं मला ते असं समजावलं होतं. पदार्थ म्हणजे एक चाळ समजा. पहिलं नाव चाळीचं, म्हणजे माल कुठला आणि कृती कोणती. चीज असेल तर केसियस. (मला ते केसांच्या तेलासारखं वाटलं, पण मी बोलले नाही.) दुसरं नाव भाडेकरूंवरून. गठुड्याच्या एका तुकड्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव बिऱ्हाड करून असतात. दूध आंबवतात ते, वास आणतात ते, सालीवर पांढरी लव धरतात ते. नामयंत्र त्या सगळ्यांचा डीएनए वाचतं, कोण आहे आणि किती आहे ते मोजतं, आणि सांगतं की ही मंडळी अमक्या ठिकाणची. दोन गठुडी दिसायला एकसारखी असतील, पण आत राहणारी माणसं वेगळी असतील तर नाव वेगळं. यंत्र दिसायला पोळ्यांच्या डब्याएवढं, पण ऐट केवढी.

नियम दोनच. जो नमुना आधी नोंदवला जाईल तो त्या नावाचा धनी. त्याचा तुकडा पुण्याला अतिथंड कपाटात कायमचा ठेवतात आणि पुढचा सगळा माल त्याच्याशी ताडून बघतात. दुसरा नियम असा, की एकदा दिलेलं नाव परत घेता येत नाही आणि दुसऱ्या कशाला देताही येत नाही. चुकून दिलं असलं तरी.

लोकांनी काय काय करून ठेवलं म्हणून सांगू! लग्नपत्रिकांत जेवणाची शास्त्रीय नावं छापून येऊ लागली. थालिपिठाचं मूळ नाव कुणाचं यावरून आमच्या वाईतलं एक महिला मंडळ फुटलं. मुलगी बघायला आलेले लोक पोह्याची बशी हातात घेऊन त्याचं नाव विचारू लागले. आम्ही हसत होतो. मग फर्मान निघालं, की नाव नसलेला पदार्थ जिल्ह्याबाहेर विकता येणार नाही. आमचं गठुडं तर जायचं पुण्याला. मग हसू थांबलं.

शर्वरी आली तो दिवस सोमवार होता. चटपटीत मुलगी, पायात ट्रेकिंगचे बूट, खांद्याला यंत्राची पिशवी. तिनं विचारलं, "नाव काय द्यायचं? गावाचं देता येतं, माणसाचंही देता येतं."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी ताईंकडे. आम्ही एकदमच म्हणालो, "आत्यांचं."

आत्या पायरीवर तांदूळ निवडत होत्या. "माजं कशाला? म्या काय मेले व्हय?" त्या म्हणाल्या. पण त्यांनी पदर सारखा केला तो मी पाहिला.

ताईंच्या फळीवरचा तुकडा यंत्रात गेला. केसियस हेमलताए. ताईंनी साखर वाटली. मग शर्वरी म्हणाली, पडताळणीसाठी अजून एक बघू, आणि तिनं शेजारची फळी उघडली. ती माझी होती.

ती यंत्राकडे बघत राहिली. पुन्हा एक तुकडा घेतला. अजून एक घेतला.

"काकू, हे वेगळं आहे," ती म्हणाली. "हेमलताए नाही हे. ही मंडळी इथली वाटतच नाहीत, कुठल्यातरी बाहेरच्या भागातली आहेत. विरजण एकच वापरता ना?"

"एकच," मी म्हणाले.

"एकच, आत्यांचं," ताई म्हणाल्या.

आत्यांनी तांदळातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

"मग प्रश्नच नाही," शर्वरी उत्साहानं म्हणाली. "तुमची वेगळी प्रजाती आहे. छान नाव द्या, आनंदानं नोंदवते."

तिला काय माहीत? मी नको म्हणाले. वेगळं नाव घेणं म्हणजे कबूल करणं, की अठरा वर्षं मी या घरचं गठुडं केलंच नाही, भलतंच काहीतरी करत होते. मला आत्यांच्या नावाखाली राहायचं होतं, बाकी काही नको होतं. मूल झालं नाही, नोकरी केली नाही. या घरात माझं म्हणून जे काही होतं ते कोठीतल्या त्या फळीवर होतं. आणि पोळ्यांच्या डब्याएवढं एक यंत्र येऊन सांगत होतं, की ही बाहेरची आहे.

पुण्याच्या दुकानदारानं निरोप पाठवला, फक्त हेमलताए पाठवा. माझा माल वाई-साताऱ्यातच फिरू लागला. आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. इतकी वर्षं ज्यांना फरक कळला नव्हता त्यांना फरक कळू लागला. दोन्ही गठुडी डोळे झाकून खाणारी गिऱ्हाइकं म्हणू लागली, "धाकट्या बाईंचं जरा उग्र लागतंय." माझे यजमान अभिजित, ज्यांना दूध नासलेलं कळत नाही, तेसुद्धा एकदा जेवताना म्हणाले, "तुझ्यात थोडा कडवटपणा आहे, हेमलताएमध्ये नाही." त्यांच्या ताटात होतं ते ताईंचं हेमलताएच. माझं संपलं म्हणून मी त्यांना ते वाढलं होतं. मी त्यांना सांगितलं नाही. सांगून काय उपयोग? खरं म्हणजे मलाही माझं गठुडं कडू लागायला लागलं होतं.

मग एके दिवशी ताई म्हणाल्या, "केतकी, रागावू नकोस. पण तुझी फळी जरा पलीकडं घेऊ या का? तुझ्यातलं माझ्यात आलं आणि पुण्यानं परत पाठवलं तर?"

"माझ्यातलं म्हणजे काय, ताई? मला काय रोग झालाय?"

"तसं कुठं म्हणतीय मी?"

"मग कसं म्हणताय?"

फळी पलीकडे गेली. मध्ये त्यांनी प्लास्टिकचा पडदा लावला. घरात चूल एक आणि कोठीत पडदा. ज्या घरात सगळे चूल वेगळी व्हायला भितात तिथे फळी वेगळी झाल्याचं कुणालाच काही वाटलं नाही. मला वाटलं. मी त्या पडद्यामागे उभी राहून मीठ चोळता चोळता रडले आहे, आणि खारट झालेली ती गठुडी साताऱ्याला गेली आहेत.

पण मी काही गप्प बसणाऱ्यातली नाही. शर्वरीला मी फोन केला. ती म्हणाली, हातावरचे जीव पदार्थात उतरतात, कदाचित तुमचा हात असेल. मालाची पडताळणी करायला ती दर पंधरवड्याला यायचीच, तिनं हेही तपासायचं कबूल केलं. आधी मी आणि ताईंनी वार बदलले. सोमवारचं गठुडं मी केलं, मंगळवारचं ताईंनी. निकाल आला, की सोमवारचं परकं, मंगळवारचं हेमलताए. म्हणजे वाराचा दोष नाही, शेळ्यांचा नाही, दुधाचा नाही. दोष माझाच. मी हात उकळत्या पाण्यानं धुतले, कोपरापर्यंत रबरी मोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं. आत्या बघून म्हणाल्या, "आगं, काय आप्रेशन करतीस व्हय?" निकाल पुन्हा तोच, परकं. शर्वरीनंच डोकं खाजवलं. "मोजे घालूनही तसंच? मग हात नव्हे. काकू, मला काही कळत नाही."

शास्त्रज्ञाच्या तोंडून 'कळत नाही' ऐकून मला थोडं बरं वाटलं, पण किती वेळ वाटणार?

मग ताईंची दाढ दुखायला लागली. बुधवार होता. आत्यांनी नेहमीसारखी वाटी ताईंच्या हातात दिली, आणि दूध तापत असतानाच कळ इतकी वाढली की त्यांना वाईला डॉक्टरकडे पळावं लागलं. ती वाटी तशीच ओट्यावर होती. ते विरजण मीच दुधाला लावलं. ना मोजे, ना फडकं. माझे तेच परके हात.

ते गठुडं मुरून शर्वरीच्या यंत्रात गेलं तेव्हा यंत्रावर नाव उमटलं, केसियस हेमलताए.

मी आनंदानं ताईंना मिठीच मारणार होते. पण शेजारचं, दुसऱ्या दिवशीचं माझंच गुरुवारचं गठुडं पुन्हा परकं निघालं. आता मात्र मी जमिनीवर बसले. माझाच हात, तीच शेळी, तीच कोठी. बुधवारी मी घरची आणि गुरुवारी बाहेरची?

मग मला ती वाटी आठवली. ताईंची वाटी पितळेची, कल्हई केलेली, माझी स्टीलची. वाटीचाच गुण, असं मी ठरवून टाकलं आणि शर्वरीला तसं ठणकावून सांगितलं. ती म्हणाली, "अहो काकू, जीव वाटीत नसतात, वाटीतल्या विरजणात असतात," आणि हसली. हसता हसता थांबली. मीही थांबले.

अठरा वर्षांत हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं. येणार कसं? सासूच्या विरजणावर कोण संशय घेतं?

दुपारची वेळ होती. आत्या पायरीवर कोथिंबीर निवडत होत्या. मी समोर जाऊन बसले. ताई दारात उभ्या राहिल्या.

"आत्या, तुमच्या फडताळात विरजणं किती आहेत?"

"दोन," आत्या म्हणाल्या. मान वर केली नाही.

"कधीपासून?"

"तू आल्यापास्नं."

"म्हणजे?"

"म्हंजी काय म्हंजी? एक तिचं, एक तुजं. जिचं तिला द्येते."

मी परसाकडे बोट दाखवलं. "पण माझं तर तुम्ही शेवग्याखाली ओतलंत. मी स्वतः बघितलं."

"ताक वतलं. पांढरं ते पांढरं. लांबनं काय कळतंय?"

"माझंपण?" दारातून ताई म्हणाल्या.

"तुजंबी."

"मग या घरचं मूळ विरजण? तुमच्या सासूबाईंचं?" मी विचारलं.

आत्यांनी जुडी खाली ठेवली. "त्ये मातुर खरंच वतलं. सासूबाई गेल्या, तेरावा झाला, पावनं गेलं, आन म्या गाडगं उचलून शेवग्याखाली पालथं केलं. रेवतीचं ठेवलेलं व्हतंच की."

"का पण?"

आत्यांनी पदरानं हात पुसले. मग म्हणाल्या, "माज्या आयनं मेढ्यास्नं वाटी दिलती. कमळाच्या नक्षीची. सासूबाईंनी वतली, म्या समोर हुबी. मुंग्या लागल्या तिथं. दोन दिस मुंग्या व्हत्या. म्या परसात जाईना झाले. तवाच ठरवलं, माजी सून आली तर तिचं न्हाई वतायचं."

"मग आम्हाला सांगितलं का नाही?" माझा आवाज चढला. "आत्या, मी महिनोन् महिने माझे हात उकळतेय!"

"इचारलं कुणी? आन सांगून काय झालं आसतं? रीत मोडली म्हून भावकी बोलली आसती. आन तुमी दोगी तुजं-माजं करत बसला आसता." त्यांनी पुन्हा जुडी उचलली. "केलंच की आता. पडदं लावलं."

ताई आत गेल्या. थोड्या वेळानं प्लास्टिक टराटरा फाडल्याचा आवाज आला.

मी मात्र तिथून उठू शकले नाही. माझी आई जाऊन सहा वर्षं झाली. बार्शीचं घर भावानं विकलं, तिथं आता गाळे आहेत. आईचं म्हणून माझ्याकडे काहीही उरलेलं नाही असं मी सगळ्यांना सांगत होते, आणि दर मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी आईच्या हातचं दही माझ्या हातात येत होतं. मी ते रोज चाखत होते. मला ओळखू आलं नाही. शेवटी यंत्रानं ओळखलं, आणि त्यावर मी चिडले. मला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

ताई डोळे पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे कोरेगावच्या माझ्या आईच्या विरजणाला सासूचं नाव लागलंय? माझ्या आईला कळलं तर काय म्हणेल?"

शर्वरीला सगळं सांगितलं तर तिनं कपाळाला हात लावला. लोक ज्याला सिस्टरच्या काळापासूनची मूळ चव म्हणत होते ती दोन तपांपूर्वी शेवग्याखाली गेली होती. हेमलताए नावाच्या गठुड्यात हेमलताबाईंचं काही नव्हतं. आणि ते नाव बदलताही येत नव्हतं. मी मात्र माझ्या गठुड्याला नाव घेतलं, कुरकुर न करता. केसियस शालनाए. शालन माझी आई. पुण्याच्या दुकानात आता ते हेमलताएच्या शेजारी असतं, आणि जे लोक त्याला उग्र म्हणत होते ते आता त्याला 'भारदस्त' म्हणतात. माझे यजमानही म्हणतात.

पण ताईंच्या आणि माझ्या मनातून ती कमळाची वाटी जाईना. सगळ्यांची विरजणं जिवंत, आणि जिनं ती जगवली तिचंच तेवढं मुंग्यांनी खाल्लं. एके दिवशी ताई म्हणाल्या, "आत्यांची धाकटी बहीण उंब्रजला दिलीय ना? तीपण मेढ्याहून वाटी घेऊनच गेली असणार."

आम्ही दोघी एसटीनं उंब्रजला गेलो. सुमनमावशी थकल्या होत्या पण बोलायला खणखणीत. विरजणाचं विचारल्यावर म्हणाल्या, "हाय की. आमच्या सासूला दमा व्हता, तिला परसापत्तुर जाववायचं न्हाई. म्हून वतायचं राहून गेलं." अख्ख्या भागाची रीत त्या घरी दम्यानं मोडली होती.

मावशींनी वाटीभर विरजण दिलं. पण निघताना सहज म्हणाल्या, "मधी एकदा नासलं व्हतं. शेजारणीकडनं आणून लावलं, का माजंच उरलेलं लावलं, आता ध्यानात न्हाई बाई."

परतीच्या वाटेवर ती वाटी ताईंच्या मांडीवर होती. हे आत्यांचं होतं की उंब्रजच्या कुणा शेजारणीचं?

घरी आल्यावर आम्ही आत्यांना उंबऱ्याबाहेर उभं केलं. त्या म्हणाल्या, "खुळ्या झालासा काय?" पण उभ्या राहिल्या. ताईंनी वाटी त्यांच्या हातात दिली, कुठून आणली ते सांगितलं, मावशी काय म्हणाल्या तेही सांगितलं. मग आम्ही दोघी आत गेलो आणि उंबऱ्याशी उभ्या राहिलो, सुनेची वाट बघणाऱ्या सासवा उभ्या राहतात तशा. आत्या वाटीकडे बघत होत्या. वाटी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. त्यांनी उजवं पाऊल आत टाकलं.

मी हात पुढे केला. त्यांनी वाटी दिली नाही. करंगळी बुडवून जिभेला लावली. आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"कसं आहे?" ताईंनी विचारलं. "तेच आहे का?"

आत्यांनी पुन्हा एकदा चाखलं. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आटवत न्हाई," त्या म्हणाल्या. "आगं, मला आटवतच न्हाई."

मला वाटलं आपण फार मोठी चूक केली. पण त्या वाटी घेऊन आपल्या खोलीत गेल्या आणि फडताळ उघडल्याचा आवाज आला.

त्या आठवड्यापासून रविवारी कोठी बंद नसते. रविवारी आत्या स्वतः पदर खोचून गठुडं करतात. एका रविवारी शर्वरी मुद्दाम यंत्र घेऊन आली. निकाल वाचून ती गोंधळली. हे हेमलताए नव्हतं, शालनाए नव्हतं. मेढ्याकडचं असू शकतं, उंब्रजचंही असू शकतं, दोन्ही मिसळलेलं असू शकतं. आत्यांच्या आईच्या विरजणाचा नमुनाच जगात कुठे नव्हता, तर ताडून कशाशी बघणार? आणि खरंच ते आत्यांचं असलं तरी आत्यांचं नाव आता त्याला देता येत नव्हतं, ते ताईंच्या गठुड्याला लागलेलं होतं.

"आजी, वेगळं काहीतरी नाव सुचवा," ती म्हणाली.

"नको. नाव आलं की पडदा येतो," आत्या म्हणाल्या. "ह्ये घरी खायाचं हाय."

शर्वरीला राहवलं नाही. ती प्रामाणिक मुलगी आहे. हळूच म्हणाली, "पण आजी, एक सांगू? हे तुमच्या माहेरचं असेलच असं नाही. कुणा भलत्याच बाईचं असू शकतं."

आत्यांनी निथळलेलं गठुडं हातावर तोललं.

"आसंल," त्या म्हणाल्या. "म्हून काय वतून टाकू?"

आणि त्या मीठ चोळायला लागल्या.